लायडारने धूर आणि धुळीचे ढग कसे मोजावेत : नव्याने काम सुरू करणाऱ्यांसाठी मार्गदर्शक

हवेत धूळ किंवा धूर पसरला की जमिनीवरचे मापक यंत्र आपल्याला एका ठिकाणचा आकडा देते. तो ढग किती उंचीवर सुरू होतो, किती जाड आहे, त्याचा एकच थर आहे की एकावर एक दोन आहेत, तो खाली उतरतो आहे की वरच्या वर निघून जातो आहे, हे त्या आकड्यावरून समजत नाही. हे सांगणारे साधन म्हणजे लायडार. आकाशात लेसरचा एक अतिशय छोटा स्पंद सोडायचा, हवेतल्या कणांवर आदळून मागे फिरलेला प्रकाश दुर्बिणीने गोळा करायचा आणि तो परत यायला किती वेळ लागला यावरून अंतर काढायचे, एवढीच त्यामागची कल्पना आहे. पहिला लेसर १९६० साली बनला आणि १९६३ सालीच फिओको आणि स्मलिन यांनी माणकाच्या लेसरने वातावरणाच्या वरच्या थरांतून परत आलेला प्रकाश टिपला. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेतही १९८०च्या दशकातच आर्गॉन-आयन लेसरवर चालणारे लायडार उभे राहिले होते.

कल्पना सोपी असली, तरी मी हे काम शिकू लागले तेव्हा पहिले काही महिने चुका शोधण्यातच गेले. त्यातल्या बहुतेक चुकांचे मूळ एकच होते : लायडार धूळ मोजते असे मी धरून चालले होते. लायडार धूळ मोजत नाही. ते परत आलेला प्रकाश मोजते. त्या प्रकाशापासून ‘अमुक उंचीवर इतके मायक्रोग्रॅम धूळ’ या विधानापर्यंत पोहोचताना आपण पायरीपायरीने गृहीतके घालत जातो. ती गृहीतके कुठे शिरतात हे ज्याला माहीत आहे, त्याच्याच आकड्यांवर विश्वास ठेवता येतो. म्हणून पुढच्या प्रत्येक पायरीत मी कृतीबरोबर त्यात दडलेले गृहीतकही सांगितले आहे. ज्यांच्या हाती ५३२ नॅनोमीटर तरंगलांबीचे, उभ्या दिशेने पाहणारे साधे लायडार पहिल्यांदाच येणार आहे, ते विद्यार्थी आणि तंत्रज्ञ माझ्या डोळ्यांसमोर आहेत.

शब्दांविषयी एक खुलासा आधीच करते. कणांवर आदळून प्रकाश इतस्ततः फेकला जातो, त्याला शाळेच्या पुस्तकांत ‘विकिरण’ म्हटलेले असते; मी येथे ‘प्रकीर्णन’ हा शब्द वापरला आहे, कारण ‘विकिरण’ हा शब्द किरणोत्सर्गासाठीही वापरला जातो. प्रकीर्णन झालेल्या प्रकाशापैकी जो सरळ उलट्या दिशेने परततो ते प्रतिप्रकीर्णन. जाता-येता प्रकाशाचा जो भाग वाटेत गमावला जातो ते क्षीणन.

सुरुवातीपूर्वी जवळ काय हवे

- त्या विशिष्ट तरंगलांबीसाठी बनवलेला लेसर-संरक्षक चष्मा, प्रत्येक माणसामागे एक.
- संस्थेच्या लेसर सुरक्षा अधिकाऱ्याची लेखी संमती आणि गच्चीच्या मालकाची किंवा इमारत व्यवस्थापनाची परवानगी.
- जवळ विमानतळ असल्यास हवाई वाहतूक नियंत्रण विभागाशी केलेला पत्रव्यवहार, त्याची प्रत यंत्राजवळ.
- उपग्रहाच्या वेळेशी जुळवलेले घड्याळ, म्हणजे जीपीएसचा साधा रिसीव्हर.
- तापमान आणि हवेच्या दाबाचा उभा आलेख. भारतीय हवामान विभाग मुंबई, नागपूर, पणजी यांसारख्या ठिकाणांहून फुगे सोडतो, ते मोजमाप चालते.
- जवळच्या सूर्यप्रकाशमापकाची (सूर्याचा प्रकाश हवेत किती अडला हे मोजणाऱ्या यंत्राची) नोंद. पुण्यात एरोनेट या जागतिक जाळ्याचे केंद्र आहे.
- एक कागदी नोंदवही. संगणकातली नोंद पुरत नाही, हे मी अनुभवाने सांगते.

१. आधी प्रश्न ठरवा

राजस्थानातून किंवा अरबी समुद्रापलीकडून आलेली धूळ मोजायची असेल तर यंत्र सरळ वर रोखावे लागते. खडी क्रशरमधून किंवा खाणीतून उठणारी धूळ मोजायची असेल, तर उभे रोखलेले यंत्र जवळजवळ निरुपयोगी ठरते. तेथे आडव्या दिशेने फिरणारे, वेगवेगळ्या कोनांतून ढगाचे काप घेणारे यंत्र लागते. पश्चिम महाराष्ट्रात ऊसतोडीनंतर पाचट जाळतात त्या धुराचा पहिला टप्पा जमिनीलगत असतो, मात्र दुपारच्या तापलेल्या हवेबरोबर तो दोन-तीन किलोमीटरपर्यंत चढू शकतो. त्यामुळे तेथे काय विचारायचे आहे यावर सगळे अवलंबून असते.

तरंगलांबीचाही विचार याच टप्प्यावर करावा. धुराचे कण मायक्रोमीटरच्या दशांशांइतके लहान असतात आणि ते छोट्या तरंगलांबीचा प्रकाश अधिक फेकतात. धुळीचे कण मोठे असल्याने ५३२ आणि १०६४ नॅनोमीटर या दोन्हींना जवळजवळ सारखाच प्रतिसाद देतात. तरीही दुसरी तरंगलांबी किंवा ध्रुवण (प्रकाशलहरींच्या कंपनाची दिशा) मोजणारी दुसरी वाहिनी, म्हणजे मोजणीचा वेगळा मार्ग, यांपैकी एकाच गोष्टीसाठी पैसे असतील, तर माझ्या मते ध्रुवणाची वाहिनी घ्यावी. त्याचे कारण सहाव्या पायरीत येईल.

२. जागा आणि डोळ्यांची सुरक्षा

काही छोटी यंत्रे कमी ऊर्जेचा स्पंद रुंद करून सोडतात आणि डोळ्यांना सुरक्षित असतात, पण प्रत्येक स्पंदात दहा-वीस मिलीज्यूल ऊर्जा सोडणारे यंत्र क्षणार्धात दृष्टी कायमची घालवू शकते. ५३२ नॅनोमीटरचा हिरवा प्रकाश निदान दिसतो. १०६४चा दिसतच नाही, म्हणून तो अधिक धोकादायक. अंगठी आणि घड्याळ काढून ठेवल्याशिवाय उघड्या किरणाजवळ हात नेऊ नये आणि गच्चीवर येणाऱ्या प्रत्येकाला, पाण्याची टाकी पाहायला येणाऱ्या कर्मचाऱ्यालाही, आधी सांगून ठेवावे.

यंत्र काचेच्या खिडकीखाली ठेवणार असाल तर एक सापळा लक्षात ठेवा. कडक चौकटीत ताणून बसवलेली काच प्रकाशाचे ध्रुवण बदलते आणि धूळ नसतानाही धूळ असल्याचा भास निर्माण करते. शिवाय वावटळीनंतर तीच काच धुळीने माखते आणि सिग्नल घटतो. काच रोज एकाच वेळी पुसावी आणि पुसल्याची वेळ वहीत लिहावी.

३. लेसर आणि दुर्बीण यांचा मेळ

या पायरीवर सर्वांत जास्त वेळ द्या, कारण येथली चूक पुढे कोणत्याही गणिताने भरून निघत नाही.

लेसरचा किरण आणि दुर्बिणीचे दृष्टिक्षेत्र यंत्राजवळ एकमेकांत पूर्ण मिसळलेले नसतात. काही अंतर गेल्यावरच संपूर्ण किरण दुर्बिणीच्या नजरेत येतो. त्या आधीच्या भागाला ओव्हरलॅपचा भाग म्हणतात. काही यंत्रांत तो काहीशे मीटरांत संपतो, तर अरुंद दृष्टिक्षेत्राच्या काही यंत्रांत कित्येक किलोमीटरपर्यंत जातो. याचा अर्थ असा, की ज्या हवेत आपण श्वास घेतो नेमक्या त्याच हवेत लायडार अर्धवट आंधळे असते. दिवाळीच्या रात्रीचे माझे पहिले मोजमाप मी आजही जपून ठेवले आहे. खाली रस्त्यावर डोळे चुरचुरत होते, आणि माझ्या आलेखात पहिले तीनशे मीटर जवळजवळ स्वच्छ दिसत होते. फटाक्यांचा धूर थंड, स्थिर हवेत जमिनीला चिकटून बसला होता आणि तो भाग माझ्या यंत्राच्या ओव्हरलॅपमध्ये लपला होता.

ओव्हरलॅप मोजण्याची विश्वासाची पद्धत अशी : वारा बेताचा असताना, आजूबाजूची हवा सगळीकडे सारखी मिसळलेली असताना यंत्र आडवे करावे आणि मोकळ्या मैदानावरून किंवा जलाशयावरून काही किलोमीटरपर्यंत मोजमाप घ्यावे. हवा एकसारखी असेल, तर सिग्नलला अंतराच्या वर्गाने गुणून त्याचा लॉगॅरिदम घेतल्यावर सरळ रेषा मिळते आणि तिचा उतार क्षीणनाच्या दुप्पट असतो. जवळच्या भागात आलेख त्या सरळ रेषेपासून जितका खाली वाकतो, तितका ओव्हरलॅप अपूर्ण. यातले गृहीतक हवेच्या एकसारखेपणाचे आहे, म्हणून हे मोजमाप निदान तीन वेगवेगळ्या दिवशी करून पाहावे. यंत्र उभे असताना दुसरी चाचणीही करता येते. दुर्बिणीच्या तोंडाचे चार भाग मानून एकावेळी एकच भाग उघडा ठेवावा. ठरावीक अंतरापलीकडे चारही आलेखांचा आकार जुळला तर मेळ बरोबर आहे. एखादा वेगळा निघाला तर किरण त्या बाजूला झुकला आहे. उन्हाळ्यात दुपारच्या तापमानाने चौकट प्रसरण पावते आणि सकाळी जुळवलेला मेळ संध्याकाळपर्यंत सुटतो, म्हणून ही चाचणी दोन्ही वेळी करावी.

४. काळोखातले मोजमाप आणि पार्श्वभूमी

दुर्बिणीचे झाकण लावून, लेसर चालू ठेवून दहा-पंधरा मिनिटे मोजमाप घ्या. जे उरते ते यंत्राच्या विजेच्या जोडणीतून आलेले खोटे सिग्नल. ते प्रत्येक मोजमापातून वजा करायचे. आकाशाचा उजेड वेगळा वजा करावा लागतो, त्यासाठी जेथून काहीच परत येत नाही असा अगदी लांबचा टप्पा वापरतात. फोटॉन मोजणाऱ्या शोधकात आणखी एक अडचण असते : प्रति सेकंद एक ते दोन कोटी फोटॉनांच्या पुढे तो काही फोटॉन मोजायचे चुकवू लागतो, आणि दाट धुळीचा जवळचा थर खरा आहे त्यापेक्षा विरळ दिसतो.

५. निव्वळ हवेशी पडताळणी

वर कुठेतरी धूळ, धूर किंवा ढग नसलेली हवा असते. तेथे फक्त वायूंचे रेणू प्रकाश फेकतात आणि ते किती फेकतील हे तापमान व दाब यांवरून नेमके काढता येते. आपला सिग्नल आणि हा गणिती आलेख त्या उंचीवर एकमेकांवर ठेवा. दोन-तीन किलोमीटरच्या पट्ट्यात ते मिळून आले, तर यंत्र ठीक आहे. वर जाताना सिग्नल गणिती आलेखापासून सुटू लागला, तर बहुतेक वेळा पार्श्वभूमीची वजाबाकी चुकलेली असते.

पट्टा निवडताना घाई करू नये. मार्च ते मे या काळात आपल्याकडे धूळ पाच-सहा किलोमीटरपर्यंत पोहोचलेली असू शकते, त्यामुळे परदेशी लेखांत दिलेली उंची जशीच्या तशी घेणे चुकीचे ठरते. उलट फार वर गेलात तर डोळ्यांना न दिसणारे विरळ बर्फकणांचे ढग आडवे येतात. रात्रीच्या सलग एक-दोन तासांची सरासरी घेऊनच पट्टा ठरवा.

६. ध्रुवणाचे कॅलिब्रेशन

लेसरचा प्रकाश एका प्रतलात ध्रुवित असतो. गोल कणांवरून तो परतला तर ध्रुवण टिकते. वेडेवाकडे, कंगोरे असलेले कण ते मोडतात. धुळीचे कण कोरडे आणि ओबडधोबड असतात, तर धुराचे कण हवेतले पाणी घेऊन जवळजवळ गोल होतात. म्हणून परतलेल्या प्रकाशापैकी मूळ प्रतलाशी काटकोनात असलेला भाग आणि मूळ प्रतलातला भाग यांचे गुणोत्तर, म्हणजे विध्रुवण गुणोत्तर, हे धूळ आणि धूर वेगळे ओळखण्याचे सर्वांत भरवशाचे चिन्ह आहे. ५३२ नॅनोमीटरवर शुद्ध वाळवंटी धुळीसाठी ते सुमारे ०.३०च्या आसपास असते. खालच्या वातावरणातल्या ताज्या धुरासाठी ते बहुधा ०.०५च्या आगेमागे राहते.

दोन वाहिन्यांची संवेदनक्षमता सारखी नसते, म्हणून त्यांचे आपसातले प्रमाण आधी काढावे लागते. ध्रुवक अधिक ४५ अंशांवर आणि नंतर उणे ४५ अंशांवर फिरवून दोन मोजमापे घ्या आणि दोन्हींतून आलेल्या गुणोत्तरांचा भूमितीय मध्य काढा; ध्रुवक बसवताना झालेली कोनाची लहान चूक यात आपोआप कटते. मग निव्वळ हवेच्या पट्ट्यात परीक्षा घ्या. शोधकापुढची गाळणी अरुंद असेल, म्हणजे तरंगलांबींचा अगदी छोटा पट्टाच आत जाऊ देत असेल, तर तेथे गुणोत्तर ०.००४च्या जवळ आले पाहिजे. ते ०.०३ येत असेल तर एका वाहिनीचा प्रकाश दुसरीत गळतो आहे, आणि तो थांबवल्याशिवाय पुढे जाऊ नये.

नवख्या माणसाची येथे हमखास होणारी चूक म्हणजे हवा आणि कण मिळून आलेले गुणोत्तर हेच कणांचे गुणोत्तर समजणे. विरळ थरात हवेच्या रेणूंचा वाटा मोठा असतो, त्यामुळे शुद्ध धुळीचा विरळ थरही ०.०८ दाखवू शकतो आणि तो धूर म्हणून नोंदला जातो. कणांचे गुणोत्तर हवेचा वाटा वजा करूनच काढावे.

अपवादही लक्षात असू द्या. ऑगस्ट २०१७ मध्ये कॅनडातल्या वणव्यांचा धूर स्थितांबरात चढून युरोपवर आला, तेव्हा ५३२ नॅनोमीटरवर त्याचे गुणोत्तर ०.१८च्या आसपास मोजले गेले. त्या उंचीवरची हवा कोरडी असते आणि धुराचे कण गोल राहिलेले नसतात.

७. आधी चित्र वाचा, मग गणित करा

वेळ आडव्या अक्षावर, उंची उभ्या अक्षावर आणि अंतराच्या वर्गाने गुणलेला सिग्नल रंगांत, असे चित्र काढून त्यासमोर शांत बसा. दुपारी वर चढत जाणारा सीमास्तर (जमिनीलगतचा, ढवळला जाणारा हवेचा थर), रात्री वर तरंगत राहिलेला जुना थर, पहाटे खालून दाटणारे धुके हे सगळे त्यात दिसते. अतिशय तेजस्वी, धारदार तळाचा डाग असेल आणि त्याच्यावर सगळे काळे असेल, तर तो पाण्याचा ढग आहे. तो धूर म्हणून गणितात घालू नका. पहाटेची ओलसर हवाही फसवते, कारण कण पाणी पिऊन फुगतात आणि कणांची संख्या तेवढीच असूनही सिग्नल वाढतो. उन्हाळी संध्याकाळी पहिल्या किलोमीटरमध्ये तुरळक, तीव्र विध्रुवणाचे ठिपके दिसले तर ते बहुधा कीटक असतात.

दाट ढगापलीकडचा भाग वाचतानाही संयम ठेवा. ढग आरपार जाणारा प्रकाश किती अडवतो याचे माप म्हणजे प्रकाशीय जाडी; ती १ असेल तर जाऊन-येऊन मूळ प्रकाशाच्या सुमारे १३.५ टक्केच प्रकाश उरतो. जाडी २ असेल तर दोन टक्क्यांहूनही कमी. वर काही दिसत नाही याचा अर्थ वर काही नाही असा होत नाही.

८. लायडार गुणोत्तर : सर्वांत मोठे गृहीतक

एका सिग्नलमध्ये प्रतिप्रकीर्णन आणि क्षीणन ही दोन अज्ञाते असतात. एका समीकरणातून दोन अज्ञाते निघत नाहीत, म्हणून क्लेट यांनी १९८१ साली आणि फर्नाल्ड यांनी १९८४ साली मांडलेल्या पद्धतींत त्या दोघांचे गुणोत्तर (क्षीणन भागिले प्रतिप्रकीर्णन) आधीच ठरवून द्यावे लागते. यालाच लायडार गुणोत्तर म्हणतात. गणित स्वच्छ हवेच्या वरच्या पट्ट्यापासून सुरू करून खाली आणावे. उलट दिशेने केल्यास छोटी चूक झपाट्याने फुगते.

कॅलिप्सो या उपग्रहाच्या आकडेवारीत ५३२ नॅनोमीटरसाठी धुळीला ४४, धुराला ७० आणि प्रदूषणमिश्रित धुळीला ५५ स्टेरेडियन (हे या गुणोत्तराचे एकक) हे गुणोत्तर वापरले आहे. सहाराच्या धुळीसाठी जमिनीवरून सुमारे ५५ मोजले गेले आहे, म्हणजे ‘धूळ’ म्हटल्यावरही एकच आकडा चालत नाही. धुराला चुकून धुळीचे गुणोत्तर लावले, तर क्षीणन खऱ्याच्या दोन-तृतीयांशाहूनही कमी येते.

यातून वाट काढण्याचे दोन मार्ग आहेत. दिवसा सूर्यप्रकाशमापक संपूर्ण उभ्या स्तंभाची प्रकाशीय जाडी देतो. आपल्या आलेखाची बेरीज तिच्याशी जुळेपर्यंत गुणोत्तर बदलत जावे. मात्र ओव्हरलॅपमधल्या खालच्या भागाचे काय धरले, हे लिहून ठेवावेच लागते. रात्री नायट्रोजनच्या रामन प्रकीर्णनाची (ज्यात परतणाऱ्या प्रकाशाची तरंगलांबी बदलते त्याची) वाहिनी असेल, म्हणजे ५३२चा स्पंद सोडून ६०७ नॅनोमीटरवर ऐकता येत असेल, तर क्षीणन कोणत्याही गृहीत गुणोत्तराशिवाय थेट मिळते. तो सिग्नल फार क्षीण असल्याने दिवसाच्या उजेडात साधारणतः हरवतो. २०२४ साली सुटलेल्या अर्थकेअर उपग्रहावरचे लायडार ३५५ नॅनोमीटरवर कणांचा आणि रेणूंचा प्रकाश वेगळा करून हीच अडचण सोडवते.

९. धूळ किती आणि धूर किती

मिश्र थरात कणांचे विध्रुवण ०.१५ आले असे समजू. शुद्ध धुळीचे ०.३१ आणि धुराचे ०.०५ धरले, तर धुळीचा वाटा सरळ प्रमाणाने काढू नये, कारण गुणोत्तरे अशी बेरजेत जात नाहीत. धुळीचा प्रतिप्रकीर्णनातला वाटा असा निघतो : (०.१५ − ०.०५) × (१ + ०.३१) या गुणाकाराला (०.३१ − ०.०५) × (१ + ०.१५) ने भागावे. उत्तर सुमारे ०.४४ येते.

आता पुढे जा. धुळीला ४५ आणि धुराला ७० हे लायडार गुणोत्तर लावले, की क्षीणनातला धुळीचा वाटा ३३ टक्क्यांवर येतो. त्यापुढे वस्तुमान काढायचे, तर एक ग्रॅम खरखरीत धूळ ०.६ चौरस मीटरच्या आसपास क्षेत्रावरचा प्रकाश अडवते आणि एक ग्रॅम धूर सुमारे ४ चौरस मीटर. हे लावल्यावर त्याच थरात वस्तुमानाने तीन-चतुर्थांशाहून अधिक धूळ निघते. म्हणजे एकाच थराला ४४, ३३ आणि ७७ हे तिन्ही आकडे लागू पडतात. वर्तमानपत्राला किंवा प्रशासनाला आकडा देताना तो यांपैकी कशाचा आहे हे सांगितले नाही, तर वाचणारा चुकीचा निर्णय घेईल.

१०. मूळ शोधणे आणि शेवटच्या दोन तपासण्या

थर कुठून आला हे लायडार सांगत नाही. त्यासाठी हवेचा मागोवा घेणारे हायस्प्लिट हे प्रारूप आणि आगी टिपणाऱ्या उपग्रहांचे नकाशे सोबत ठेवा. २२ आणि २३ जानेवारी २०२२ रोजी पाकिस्तानच्या बाजूने आलेली धूळ गुजरात आणि मुंबईपर्यंत पोहोचली होती. थंडीच्या दिवसांत असा दाट पडदा दिसल्यावर स्थानिक धूर समजण्याचा मोह होतो. अशा वेळी विध्रुवण आणि हवेचा मागोवा हे दोन्ही एकत्र पाहिल्याशिवाय नाव देऊ नये. जुन्या घटनांसाठी कॅलिप्सोची २००६ ते २०२३ या काळातली आकडेवारी विनामूल्य मिळते. तो उपग्रह २०१८पर्यंत त्याच वाटेवर सोळा दिवसांनी परत येत असे, त्यामुळे आपल्या घटनेच्या दिवशी तो जवळून गेला होता का हे आधी पाहावे.

फाइल पाठवण्यापूर्वी वेळ आणि उंची पुन्हा तपासा. फुग्याचे मोजमाप जागतिक वेळेत असते. ती वेळ आपल्या वेळेपेक्षा साडेपाच तास मागे आहे, आणि या एका विसरण्यामुळे माझा एक संपूर्ण आठवड्याचा हिशेब संध्याकाळऐवजी दुपारच्या हवेवर झाला होता. तसेच फुग्याची उंची समुद्रसपाटीपासून असते आणि लायडारची जमिनीपासून. पुण्यासारख्या ठिकाणी हा फरक साडेपाचशे मीटरहून अधिक आहे, म्हणून दोन्ही उंच्या फाइलच्या पहिल्याच ओळीत लिहा.